जुन्या बर्फाची माणसं

चेअरलिफ्टवर बसून खाली बघत राहिलं की कोण कसं उतरतंय हे मागे उरलेल्या खुणेवरून कळतं. बहुतेकांच्या खुणा रुंद आणि फिसकटलेल्या असतात. बोर्ड आडवा केला, बर्फ खरवडत वेग मारला, सरळ केला, पुन्हा आडवा. मधूनच एखादी रेघ दिसते: बोटभर रुंद, खोल, उताराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड वळत गेलेली. तिच्या दोन्ही बाजूंचा बर्फ जसाच्या तसा. ती रेघ काढणाऱ्याने बर्फ घासलेला नसतो, कापलेला असतो. याला कार्विंग म्हणतात, आणि मला त्याचंच वेड आहे.

गंमत म्हणजे यात बोर्ड वळवायचा नसतो. स्नोबोर्डची कंबर दोन्ही टोकांपेक्षा अरुंद असते. तो कडेवर उभा केला की आत गेलेली ती बाजू बर्फाला टेकेपर्यंत बोर्ड वाकतो, आणि मग त्या वाकाच्या जोरावर आपणहून वळत जातो. कडेची त्रिज्या 10 मीटर असेल आणि कडक बर्फावर बोर्ड 60 अंश कलवला, तर वळण निम्म्या त्रिज्येचं, 5 मीटरच्या आसपासचं होतं. आपण कलायचं आणि धीर धरायचा. हा धीरच अवघड आहे. वेग वाढत असताना बोर्ड आडवा करून ब्रेक लावायचा मोह प्रत्येक वळणाच्या मध्यावर होतो. वेग मारायचा तो वळण पुरतं संपवून, बोर्डाला थोडं चढाकडे जाऊ देऊन.

या पंथातले कट्टर लोक स्कीच्या बुटांसारखे कडक प्लॅस्टिकचे बूट घालतात. त्यांचे बोर्ड लांब आणि अरुंद, आणि दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवलेले. ऑलिंपिकमध्ये 2002पासून पॅरलल जायंट स्लॅलम नावाची जी शर्यत होते ती अशाच बोर्डांची. 2018 साली प्योंगचांगला चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने ती जिंकली आणि त्याच ऑलिंपिकमध्ये स्कीवरची सुपर-जी शर्यतही जिंकली. मी मऊ बुटांवर आहे आणि तिथेच राहणार आहे. झाडांत शिरणं, उड्या मारणं, लोखंडी कठड्यांवरून घसरत जाणं यातलं मला काही येत नाही, आणि पन्नाशीला टेकल्यावर ते शिकायची हौसही उरलेली नाही.

मार्चमध्ये आठवडाभर नॉर्थस्टारला गेले ते कार्विंग या एकाच कामासाठी. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांतून हिवाळ्यात टाहो सरोवराकडे जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. शनिवारी पहाटे इंटरस्टेट 80वरच्या पेट्रोल पंपावर आपलं कोणी ना कोणी भेटतंच, आणि डिक्कीत थेपल्यांचा डबा असतोच. पण बहुतेकांची मजल मुलांना बर्फात खेळवून, हॉट चॉकलेट पाजून परत येण्यापर्यंत. आठवड्याच्या मधल्या दिवसांत, रजा टाकून, तेच तेच उतार पुन्हा पुन्हा उतरायला जाणारी मी घरच्यांच्या दृष्टीने जरा वेगळीच. सोबत भाचा होता. त्याला ताज्या बर्फाशिवाय काही सुचत नाही.

नॉर्थस्टार हे ट्रकी गावाजवळ, माउंट प्लूटो या कधीच थंड होऊन गेलेल्या ज्वालामुखीवर वसवलेलं रिसॉर्ट. माथा 8,610 फूट. 1972 साली सुरू झालं. त्याआधी हा सगळा भाग लाकूडतोड्यांचा होता. नेव्हाडातल्या कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणींना आणि रेल्वेला लागणारं लाकूड ट्रकीच्या आसपासच्या जंगलांतून गेलं. लॉगर्स लूप, रेल स्प्लिटर ही उतारांची नावं त्या दिवसांशी नातं सांगतात. टाहोच्या परिसरात याहून उंच, याहून थरारक डोंगर आहेत. 1960चं हिवाळी ऑलिंपिक जिथे झालं ते पॅलिसेड्स इथून फार लांब नाही. अट्टल मंडळी नॉर्थस्टारला नाकं मुरडतात. फार सपाट, फार गुळगुळीत म्हणतात. मला हवं असतं ते नेमकं हेच.

पहिले दिवस निरभ्र होते. नवा बर्फ पडून बरेच दिवस झालेले. भाच्याने हवामानाचा अंदाज पाहून तोंड वाकडं केलं, आणि माझी सकाळ मात्र अलार्मच्या आधी उजाडली.

अशा सकाळी उतारावर बारीक समांतर पन्हळी असतात. रात्री ग्रूमिंगची यंत्रं फिरून गेल्याची ती खूण. बोर्डवाले तिला कॉर्डरॉय म्हणतात. पट्ट्यांवर चालणारी ही धुडं पुढच्या पात्याने उंचवटे कापतात, मागच्या दातेरी रुळाने बर्फ कुटून मिसळतात आणि शेवटी दाबून सपाट करतात. जर्मनीची पिस्टनबुली आणि इटलीची प्रिनॉथ ही यातली मोठी नावं. फार तीव्र उतारावर यंत्र वर खुंटाला बांधलेल्या पोलादी दोराच्या आधाराने चालतं. अंधारात तो ताणलेला दोर दिसत नाही, म्हणून लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर हौसेने फिरणं हा जिवाशी खेळ असतो.

ट्रकीतल्या एका कॉफीच्या दुकानात असं यंत्र चालवणारा एक गृहस्थ भेटला. रात्रपाळी संपवून घरी निघाला होता. मी कार्विंग करते म्हटल्यावर कप खाली ठेवून सविस्तर बोलायला लागला. त्याच्या बोलण्याचा सारांश असा की यंत्राइतकंच महत्त्व यंत्र फिरल्यानंतरच्या तासांना आहे. कुटलेल्या बर्फाचे कण एकमेकांना टेकतात आणि टेकले तिथे हळूहळू सांधले जातात. थंडी आणि उसंत मिळाली तर सकाळपर्यंत उतार असा घट्ट होतो की बोर्डाची कड आत शिरते पण बर्फ ढासळत नाही. तेच यंत्र पहाटे उशिरा फिरलं तर उतार दिसायला सुंदर आणि पायाखाली ठिसूळ. आणि दुपारी वितळलेला बर्फ ओला असतानाच दाबला आणि रात्री कडाका पडला, तर सकाळी त्या पन्हळी दगडी होतात. त्यांवरून जाताना दात वाजतात. कुठला उतार किती वाजता करायचा हे ठरवणं हाच त्याच्या कामातला खरा कस. ताज्या बर्फाच्या फोटोंवर लोक जीव टाकतात, पण ज्याच्या हातच्या उतारावर आम्ही दिवस काढतो त्याचं नावही कोणाला माहीत नसतं.

आकाशाचाही यात वाटा असतो. बर्फ रात्री आपली उष्णता वर फेकत असतो. आकाश मोकळं असेल तर ती निघून जाते आणि बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी वरचा थर गोठतो. ढग असले की ते तीच उष्णता परत खाली पाठवतात. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी मी तापमान नंतर बघते, आधी बाहेर जाऊन चांदण्या दिसतात का ते बघते.

पहिल्या लिफ्टने वर गेलं की तासभर, फार तर दीड तास, सोन्याचा. बोटांकडच्या कडेवर कललं की बर्फ हाताच्या अंतरावर येतो. टाचेकडच्या वळणात काहीच दिसत नाही. खुर्चीत बसतो तसं खाली बसायचं आणि कडेवर भरवसा ठेवायचा. कड धरली की पायाखालून एक बारीक, सलग आवाज येतो. सुटली की खर्र होतं आणि सगळा उतार कसा घसरत गेलो ते शेजाऱ्यालाही ऐकू जातं. बूट मोठा आणि बोर्ड अरुंद असेल तर जास्त कलल्यावर बुटाचं टोकच बर्फात रुततं, कड उचलली जाते आणि माणूस तोंडावर येतो. त्यामुळे कार्विंगवाले बोर्डाची रुंदी सेंटिमीटरमध्ये बोलतात आणि रात्री खोलीत हिऱ्याच्या कानशीने कडा घासत बसतात. इतरांना हा छंद कंटाळवाणा वाटतो. तो आहेच.

दहा-साडेदहानंतर गर्दी उतरते, पन्हळी पुसल्या जातात, खरवडलेल्या बर्फाचे ढिगारे कडेला साचतात आणि मधोमध चकचकीत कडक पट्टे उघडे पडतात. तेव्हा एक तर उताराच्या अगदी कडेने जायचं, नाही तर जेवायला. अशा दिवसांत माझा आवडता बर्फ मात्र वेगळाच असतो: कृत्रिम. बंदुकीसारख्या नळ्यांतून दाबाची हवा आणि पाणी फवारून केलेल्या या बर्फाचे कण आकाशातल्या बर्फासारखे फांद्याफांद्यांचे नसतात. बारीक, गोल आणि घट्ट असतात. त्यामुळे तो टिकतोही जास्त आणि कडेला धरतोही चांगला. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘मावशी, तू एवढ्या लांब येऊन फॅक्टरीचा माल वापरतेस.’’

आठवड्याच्या मध्यावर हवा फिरली. पॅसिफिकवरून, हवाईच्या बाजूने बाष्पाचा लांबच लांब पट्टा सिएरा नेव्हाडावर येऊन आदळणार असं हवामान खात्याने सांगितलं. अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर नावाने हे प्रकरण आता कॅलिफोर्नियात सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याची खोड अशी की ते पाणी भरपूर आणतं, पण उबदार असतं. पायथ्याच्या गावात पाऊस, मध्यावर चिखलासारखी पचपच आणि माथ्यावर हिमवर्षाव, असं तिन्ही एकाच लिफ्टच्या वाटेवर भेटतं. आम्हालाही भेटलं. चष्म्यावरचं पाणी पुसत वर गेलो आणि वरच्या वाऱ्यात ते काचेवरच गोठलं. दुपारपर्यंत वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट थांबवल्या गेल्या, रात्री हवा थंड झाली आणि मग खिडकीबाहेर नुसतं पांढरं.

या डोंगरांचा बर्फ हा थट्टेचा विषय नाही. ट्रकीच्या बाहेर डोनर स्मारक आहे. 1846-47च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाकडे निघालेला एक तांडा इथे अडकला. सुमारे 87 जणांपैकी निम्म्याहून थोडेच जास्त वाचले. स्मारकाचा चौथरा 22 फूट उंच आहे. त्या हिवाळ्यात बर्फ तेवढा साचला होता असं सांगतात. पुढे 1952च्या जानेवारीत याच डोंगरांत ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही आगगाडी दोनशेहून जास्त माणसांसह तीन दिवस बर्फात रुतून राहिली. 1982च्या 31 मार्चला अल्पाइन मेडोज रिसॉर्टवर हिमस्खलन होऊन सात जण गेले. ढिगाऱ्याखालून एक तरुणी पाच दिवसांनी जिवंत निघाली. सोडा स्प्रिंग्जला 1946 सालापासून बर्फ मोजणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथे 2022-23च्या हिवाळ्यात 754 इंच, म्हणजे 19 मीटरहून जास्त बर्फ पडला, आणि तरी तो विक्रम नव्हता. विक्रम 1951-52च्या हिवाळ्याचा, 812 इंचांचा.

वादळानंतरच्या सकाळी भाचा नाश्ताही न करता रांगेत उभा होता. डोंगराच्या दुसऱ्या अंगाने हिमस्खलन टाळण्यासाठी मुद्दाम उडवलेल्या सुरुंगांचे धमाके ऐकू येत होते. सगळं रिसॉर्ट आनंदात होतं. मी पायथ्याला कॉफी घेऊन बसले, कारण माझ्या कामाचा तो दिवस नव्हता. मऊ बर्फाच्या जाड थरात कडेला धरायला काही नसतंच. त्यातून सिएराचा ताजा बर्फ ओला. युटात 12 इंच ताजा बर्फ वितळवला तर साधारण एक इंच पाणी निघतं. इथे दीड इंच सहज, आणि अशा उबदार वादळात त्याहून बरंच जास्त. इथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. दुपारपर्यंत त्याचे गुडघाभर उंचवटे झाले आणि भाचा मांड्या धरून परत आला. खूश होता. झाडांत मजा आली म्हणाला. मी त्याला पुन्हा एकदा बजावलं की एकटं झाडांत जायचं नाही. खोडाभोवती, फांद्यांच्या आडोशाखाली, पोकळ खड्डा राहतो. त्यात डोकं खाली करून पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येता येत नाही. त्याने मान डोलावली, जशी या वयात डोलावतात.

त्या संध्याकाळी सांगलीहून आईचा फोन आला. ‘‘अगं, बर्फ पडायची वाट बघत होतात ना? मग पडल्यावर घरात का बसलीस?’’ तिला समजावायला गेले आणि अर्ध्यात सोडलं. ताज्या बर्फाची महती इतकी सर्वदूर झाली आहे, गुलमर्गच्या अफरवटवर जगभरचे लोक येतात तेही त्याच्यासाठीच, की जुना बर्फ चांगला असं म्हणणारी बाई विक्षिप्त ठरते. तरी मी म्हणतेच. ताजा बर्फ चुका पोटात घालतो. जुना, दाबलेला, रात्रभर गोठलेला बर्फ प्रत्येक चूक जिथल्या तिथे दाखवतो, आणि बरोबर केलेलंही तितक्याच स्वच्छपणे दाखवतो. शिकायचं असेल तर तो बरा.

आणखी एक रात्र गेली. आकाश मोकळं झालं होतं. यंत्रांनी सगळे उंचवटे कापून, तो ओला जड बर्फ कुटून पसरला होता, आणि त्याला आता बारा तासांची थंडी मिळाली होती. त्या सकाळचा उतार मी इतक्या हिवाळ्यांत क्वचितच पाहिला आहे. कडक, पण काचेसारखा नाही. कड टेकवली की आत जाते आणि तिथेच राहते. ज्या सिमेंटला आदल्या दिवशी शिव्या दिल्या जात होत्या, ते त्याच्या वजनामुळेच असं बसलं होतं. हलका कोरडा बर्फ असा बसायला वेळ घेतो. पहिल्या खेपेला वरून खाली एकही खूण नव्हती. माझी रेघ, शेजारी कडक बुटांवरच्या एका सत्तरीच्या आजोबांची रेघ, एवढंच. ते रीनोहून येतात. लिफ्टवर आमचं बोलणं कडेचा कोन 88 अंश ठेवावा की 89 यावर झालं. भाच्याने दुपारी माझ्यामागून दोनदा उतरून पाहिलं आणि काही न बोलता स्वतःच्या बोर्डाच्या कडांवरून बोट फिरवलं. मी हसले नाही.

शेवटचे दिवस उबेचे. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि हे चक्र काही वेळा झालं की बर्फाचे कण मोठे, गोल, सुटे होतात: भिजून मोकळा झालेला साबुदाणाच. याला कॉर्न म्हणतात. त्याच्यासाठी घड्याळ बघून डोंगराभोवती फिरावं लागतं. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेचे. उत्तरेकडच्यांचा नंबर शेवटी, कधी लागतच नाही. फार लवकर गेलं तर गोठलेलं खडबडीत, फार उशिरा गेलं तर घोट्यापर्यंत रबडा. मधल्या वेळात मात्र वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कड अलगद घेतो आणि खालचा कडक थर तिला आधार देतो. पडलं तरी लागत नाही. दुपारी सपाट जागी ओला बर्फ बोर्डाला खालून ओढून धरतो आणि माणूस अचानक पुढे झुकतो, तेवढं सांभाळायचं. उबदार दिवसांचं वेगळं मेण येतं. ते लावलं नसेल तर दुकानात लावून घ्यावं.

पार्किंगमध्ये वितळलेल्या पाण्याचे ओहोळ वाहत होते. कॅलिफोर्नियाला लागणाऱ्या पाण्यापैकी साधारण 30 टक्के सिएरातल्या बर्फातून येतं, म्हणून इथे दर हिवाळ्यात फिलिप्स स्टेशनच्या कुरणावर अधिकारी नळी रोवून बर्फ मोजतात आणि टीव्हीचे कॅमेरे हजर असतात. 2015च्या 1 एप्रिलला तिथे मोजायला बर्फच नव्हता. तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन कोरड्या गवतावर उभे राहिले आणि त्यांनी पाणीकपातीचा आदेश काढला. आठ वर्षांनी, 2023च्या एप्रिलमध्ये, राज्यातला बर्फ सरासरीच्या दुपटीहून जास्त होता. अशा ठिकाणी आठवडाभर आधी बेत आखून अमुक एक बर्फ मिळेल असं धरून चालणं वेडेपणाचं आहे.

तुम्ही कधी जाणार असाल तर एवढंच करा. वादळाच्या दुसऱ्या दिवशीचं नको, तिसऱ्या दिवशीचं तिकीट घ्या. खिडकीवर दिवसाच्या तिकिटाला मोठ्या रिसॉर्टमध्ये दोनशे डॉलरच्या वर पडतात, ते आधी ऑनलाइन काढा. वीकेंड टाळा. सकाळी पहिल्या लिफ्टला हजर राहा आणि अकराला खुशाल थांबा. आणि बोर्ड भाड्याने घेताना त्याचा रंग बघू नका. नखाची कड त्याच्या धातूच्या कडेवर हलकेच ओढून पाहा. नखाचा भुगा निघाला नाही, तर दुसरा बोर्ड मागा.